सोनोग्राफीचा हात

बारावीचे निकाल लागले की पुण्यात पॅरामेडिकल अभ्यासक्रमांच्या जाहिरातींना ऊत येतो. एक्स-रे, सीटी, एमआरआय यांच्या रांगेत ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ही बसवलेला असतो. मुदत सहा महिने ते वर्षभर. विज्ञान शाखेची अट कुठे असते, कुठे नसते. नोकरीची हमी मात्र बहुतेक ठिकाणी असते. या जाहिरातीमागचा समज सरळ आहे. सोनोग्राफी म्हणजे एक मशीन, ते चालवायला माणूस लागतो आणि मशीन चालवणे कोणालाही शिकवता येते. बरोबर उलट टोकाला डॉक्टरांच्या संघटना आणि सरकारी यंत्रणा उभ्या आहेत. त्यांच्या मते सोनोग्राफी हे डॉक्टरचेच काम. बिगरडॉक्टरच्या हातात प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवून फिरवायचा भाग, गेला की गर्भलिंगनिदानाचा बाजार मोकाट सुटेल. तेव्हा हा विषय न काढलेलाच बरा.

दोन्ही समज उथळ आहेत आणि दोन्ही एकाच गफलतीतून निघाले आहेत. ‘मशीन चालवणे’ आणि ‘निदान करणे’ ही दोन सुटी कामे आहेत, असे दोघांनाही वाटते. एकाला पहिले काम विकायचे आहे, दुसऱ्याला दुसरे राखून ठेवायचे आहे. माझे म्हणणे असे की सोनोग्राफीत ही कामे सुटी होतच नाहीत. प्रोब धरणारा हातच निदान करत असतो. हे एकदा मान्य केले की सोनोग्राफीचा तंत्रज्ञ सहा महिन्यांत घडत नाही, हे मान्य करावे लागते. आणि नीट घडवलेल्या तंत्रज्ञाला केवळ एमबीबीएस नाही म्हणून कायमचे दाराबाहेर ठेवायलाही आधार उरत नाही. आज आपण अर्धवट शिक्षण आणि पूर्ण बंदी, दोन्ही एकाच वेळी चालवतो आहोत.

१. जे पाहिले नाही ते चित्रात नसते

छातीचा एक्स-रे नीट निघाला की तो काढणाऱ्या तंत्रज्ञाचे मुख्य काम संपते. फुप्फुसातली गाठ त्याच्या लक्षात आली नाही तरी ती फिल्मवर असते. संध्याकाळी रेडिओलॉजिस्ट ती पाहतो. त्याच्याही नजरेतून सुटली तर महिन्याभराने छातीचे डॉक्टर तीच फिल्म उजेडात धरतात. सीटीत तर संपूर्ण पोट कापाकापाने साठवलेले असते आणि दुसऱ्या गावातला माणूस ते पुन्हा पाहू शकतो. या तपासण्यांत प्रतिमा घेणारा आणि वाचणारा वेगळे असणे शक्य आहे, कारण प्रतिमा दोघांच्या मध्ये अख्खी शिल्लक राहते.

सोनोग्राफीत ती राहत नाही. प्रोबमधून निघणाऱ्या ध्वनीचा पडदा जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा असतो, आणि तो हाताने पोटातून फिरवत न्यायचा असतो. जिथून तो गेला नाही, तो भाग तपासला गेलेलाच नसतो. रिपोर्टला जोडलेली दहा-वीस चित्रे म्हणजे तपासणी नव्हे; तपासणाऱ्याने आपण काय पाहिले याची स्वतः निवडलेली साक्ष आहे. यकृताच्या वरच्या टोकाला, बरगड्यांच्या आडोशाला गाठ होती आणि प्रोब तिथवर तिरका केला गेला नाही, तर ती गाठ त्या चित्रांत शोधून कोणालाही सापडणार नाही. चूक नंतर दुरुस्त करायला पुरावाच मागे राहत नाही.

शिवाय कित्येक निदाने दिसण्यात नसतात, करण्यात असतात. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी आहे का, हे ठरवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे शिरेवर प्रोब दाबणे. निरोगी शीर दाबाखाली मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. १९८६ साली पायलार्ट या डच रेडिओलॉजिस्टने अपेंडिक्स शोधण्याची पद्धत मांडली, तिचे सारही हळूहळू वाढवत नेलेल्या दाबात आहे: आतड्यातला वायू बाजूला सरकतो आणि सुजलेले अपेंडिक्स न दबता जागेवर राहते. पित्ताशयाच्या नेमक्या वर प्रोब टेकवल्यावर पेशंट कळवळतो का, हेही निदानाचे अंग आहे. या तिन्ही ठिकाणी माहिती हाताच्या दाबातून आणि पेशंटच्या चेहऱ्यातून येते. दुसऱ्या खोलीत बसून चित्रे वाचणाऱ्याला ती कळणार कशी?

आता यंत्राचा स्वभाव. ध्वनी शरीरात सेकंदाला १५४० मीटर वेगाने, सरळ रेषेत जातो आणि एकदाच आपटून परत येतो, असे मशीन गृहीत धरते. शरीर हे गृहीतक पाळत नाही, मग पडद्यावर नसलेल्या गोष्टी दिसतात आणि असलेल्या लपतात. पित्ताच्या खड्यामागे काळी सावली पडते. पाण्याने भरलेल्या गाठीमागचा भाग उगाच उजळ होतो. श्वासपटलाच्या वर यकृताचे प्रतिबिंब उमटते आणि नवशिक्याला छातीत काहीतरी वाढल्याचा भास होतो. खांद्याच्या स्नायूबंधावर प्रोबचा कोन थोडा चुकला तर धडधाकट बंध काळा, म्हणजे फाटल्यासारखा दिसतो. डॉप्लरने रक्ताचा वेग मोजताना कोन साठ अंशांपलीकडे गेला की आकडा भरवशाचा राहत नाही. या खोट्या खुणा ओळखाव्या लागतात आणि काही वेळा त्यांच्यावरूनच खरे निदान करावे लागते: सावली आहे म्हणूनच तो खडा.

हिंजवडीतल्या कंपन्यांच्या वार्षिक तपासणीत नेहमी आढळणारा ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ हा शेरा घ्या. यकृत किती उजळ दिसते हे शेजारच्या मूत्रपिंडाशी ताडून डोळ्यांनी ठरवतात, आणि मशीनवरची गेनची कळ जरा वर सरकवली की सगळेच उजळ होते. कोणाच्या यकृतात किती चरबी आहे, हे काही अंशी कळीवरचे बोट ठरवते.

तेव्हा पहिला निष्कर्ष: सोनोग्राफीत ‘नुसते मशीन चालवणारा’ अशी जागाच नाही. तशी जागा असल्याचे सांगून जो कोर्स विकला जातो, तो नसलेल्या पदाची पात्रता विकतो.

२. हात घडतो कसा

पुस्तकात शिकवता येणारा भाग तुलनेने लहान आहे. ध्वनीचे भौतिकशास्त्र, कंप्रता वाढवली की बारकावा वाढतो आणि खोली घटते हा नियम, म्हणून पोटाला साधारण तीन ते पाच मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब आणि थायरॉइडला त्याहून बऱ्याच वरच्या कंप्रतेचा सरळ प्रोब. हे एका सत्रात उरकते. पेशंटला उपाशीपोटी का बोलवायचे (जेवल्यावर पित्ताशय आकसते), ओटीपोटाच्या तपासणीला पाणी पिऊन लघवी रोखायला का सांगायचे (भरलेले मूत्राशय आतड्यांना वर ढकलते आणि आत पाहायला खिडकी देते), हेही लवकर समजते.

पुढचा भाग वेळ खातो. प्रोब सरकवणे, कलवणे, झुलवणे, फिरवणे आणि दाबणे या पाच हालचाली वाचायला सोप्या आहेत. पण पडद्यावर नजर ठेवून, हाताकडे न पाहता, डोक्यात त्रिमिती अवयव उभा करत त्या करायच्या असतात. त्याहून कठीण म्हणजे निरोगी काय याची ओळख. शेकडो निरोगी पोटे पाहिल्याशिवाय निरोगीपणाचे नाना प्रकार कळत नाहीत. मूत्रपिंडाच्या कडेला दिसणारा जन्मजात फुगवटा गाठ नाही, हे सांगायला आधी तसे पुष्कळ फुगवटे पाहिलेले असावे लागतात. आणि एवढे पाहूनही, आपल्या निष्कर्षाचे पुढे काय झाले हे कळले नाही तर शिक्षण पुरे होत नाही. आपण मुतखडा म्हटले त्याचे सीटीत काय निघाले, अपेंडिक्स नाही म्हटले त्याचे ऑपरेशन झाले का? ही परतीची वाट ज्या विभागात नाही, तिथे वर्षानुवर्षे काम करणारासुद्धा त्याच चुका अधिक आत्मविश्वासाने करू लागतो.

म्हणून जिथे हा व्यवसाय रीतसर उभा आहे, तिथे त्याचे शिक्षण लांबलचक आहे. अमेरिकेत सोनोग्राफरची परीक्षा घेणारी नोंदणी संस्था १९७५ पासून आहे. हृदय, रक्तवाहिन्या, पोट यांसाठी वेगळ्या परीक्षा आहेत. ब्रिटनमध्ये बहुधा आधी रेडिओग्राफर होऊन मग पदव्युत्तर प्रशिक्षण घेतात. दोन्हीकडे शिकाऊ माणसाने तपासलेला पेशंट अनुभवी माणूस पुन्हा तपासतो आणि नोंदवहीत सही करतो. खांदा आणि मनगट कसे सांभाळायचे हासुद्धा तिथे अभ्यासाचा भाग आहे, कारण हात अधांतरी धरून दिवसभर काम करणाऱ्या सोनोग्राफरांत सांधेदुखी फार आढळते.

आपल्याकडे काय? पुण्यात सिम्बायोसिस, पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील अशा अभिमत विद्यापीठांत मेडिकल इमेजिंगचे पदवी अभ्यासक्रम आहेत. त्यांतून एक्स-रे, सीटी, एमआरआयचे तंत्रज्ञ घडतात आणि शहरातल्या रुग्णालयांना ते हवे असतात. सोनोग्राफी अशा अभ्यासक्रमांत विषय म्हणून येते, पण पेशंटवर स्वतः शोध घेण्याचा सराव ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आडवा येतो. नोंदणीकृत केंद्रात प्रोब कोणी धरायचा हे ठरलेले आहे; त्या यादीत हा विद्यार्थी नाही. वर्षभराच्या खासगी कोर्सची अवस्था त्याहून वाईट. हात शिकवण्याचे पैसे जो घेतो, त्यालाच विद्यार्थ्याच्या हातात प्रोब देता येत नाही. फी भरण्यापूर्वी पालकांनी एकच प्रश्न विचारावा: प्रमाणपत्र मिळाल्यावर माझ्या मुलीला कायद्याने काय करता येईल? प्रामाणिक उत्तर असे की ती पेशंटला टेबलावर झोपवेल, जेल लावेल, गरोदर स्त्रीच्या तपासणीच्या नोंदीचा एफ फॉर्म भरेल आणि डॉक्टर सांगतील ते टाइप करेल. यातले कुठलेच काम हलके नाही. पण त्याला सोनोग्राफी म्हणत नाहीत.

३. भीती खोटी नव्हती

कायदा आडवा येतो म्हणून तो मूर्खपणाचा ठरत नाही. त्याची मुळे महाराष्ट्रात आहेत आणि ती अभिमानाची आहेत. १९८६ साली मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध मंच उभा केला. त्याच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो अमलात आला १ जानेवारी १९९६ रोजी. पण तो कागदावरच होता. २००० साली ‘सेहत’ ही संस्था, पुणे जिल्ह्यात काम करणारी ‘मासूम’ आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा कुठे राज्यांना हलावे लागले. २००३ मध्ये सुधारित कायदा लागू झाला. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी, मशीनची नोंदणी, नोंदणी नसलेल्याला मशीन विकायला बंदी, प्रत्येक गरोदर स्त्रीसाठी एफ फॉर्म, अशी पकड त्यानंतर आवळत गेली. कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी, कथाकार लक्ष्मीकांत देशमुख यांनी मशीनना तपासण्यांची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडण्याची मोहीम काढली, आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

हे सगळे का करावे लागले ते जनगणनेत आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली ८०७. जो कोणी सोनोग्राफी अधिक हातांत जावी असे म्हणेल, त्याने आधी या आकड्यांसमोर उभे राहिले पाहिजे.

४. पण रेषा चुकीच्या जागी पडली

मी उभा राहतो, आणि याच आकड्यांवरून माझा मुद्दा मांडतो. मुलींची संख्या घसरत होती त्या काळात राज्यातली सोनोग्राफी बहुतांशी डॉक्टरांच्याच हातात होती. २०१२ साली परळीत उघडकीला आलेले आणि राज्याला हादरवणारे स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण डॉक्टर दांपत्याचे होते. वैद्यकीय पदवी ही सचोटीची गाळणी आहे हे गृहीतक तिथेच फुटले. कायद्याचा जो भाग उपयोगी पडला, तो नोंदणीचा, नोंदींचा, जप्तीचा आणि शिक्षेचा. ‘एमबीबीएस असावा’ हा नव्हे.

पदवीची अट कौशल्याची तरी हमी देते का? २०१४ च्या नियमांनी पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या एमबीबीएस डॉक्टरसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण घातले. त्याचे तास ३००. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत शरीररचना आणि विकृतिशास्त्र शिकलेले असते, हे खरे आणि महत्त्वाचे. पण पहिल्या दोन विभागांत सांगितलेला हात त्या वर्षांत घडत नाही. त्यासाठी आहेत ते हे ३०० तास. आणि तेही वादात सापडले. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ही अट रद्दबातल ठरवली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. डॉक्टरला पदवी मिळाली म्हणजे प्रोबही आलाच, असे मानणारा एक पक्ष न्यायालयापर्यंत जातो, यावरून ‘मशीन चालवणे’ हा समज कोचिंग क्लासपुरता नाही, हे दिसते.

आता दुसरा कायदा पाहा. मार्च २०२१ मध्ये संसदेने आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात रेडिओलॉजी आणि इमेजिंग तंत्रज्ञांच्या गटात ‘डायग्नॉस्टिक मेडिकल सोनोग्राफर’ हे नाव छापलेले आहे. या कायद्याप्रमाणे संलग्न व्यावसायिकाचे शिक्षण किमान २००० तासांचे आणि किमान दोन वर्षांचे हवे. म्हणजे एक केंद्रीय कायदा सोनोग्राफर नावाचा व्यवसाय मान्य करून त्याला २००० तास शिकायला सांगतो, आणि दुसरा केंद्रीय कायदा ३०० तास शिकलेल्याला आत घेऊन त्याला बाहेर ठेवतो. दोन्ही एकाच आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत. यांची भेट कोणी घडवून आणलेली दिसत नाही.

याचा भुर्दंड कोणाला? मुतखड्याच्या कळा सोसणाऱ्या पुरुषाला, थायरॉइडची गाठ तपासायला आलेल्या आजीला, डेंग्यूत पोटात पाणी झालेल्या मुलाला. त्यांच्या पोटात गर्भ असण्याचा प्रश्नच नाही, तरी त्यांची तपासणी गर्भासाठी केलेल्या कायद्याच्या सावलीत होते. त्यात २०१२ पासून एका डॉक्टरने एका जिल्ह्यात दोनपेक्षा जास्त केंद्रांवर काम करायचे नाही. पुण्यात पेठेपेठेत सेंटर असल्याने हे जाणवत नाही. जिल्ह्यातल्याच वेल्ह्याला, आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात जाणवते.

५. आक्षेप

पहिला आणि सगळ्यात वजनदार: लिंगनिदान वाढेल. गर्भाचे लिंग ओळखणे हा या कौशल्यातला सोपा भाग आहे. यकृतातली गाठ ओळखायला जे लागते त्याचा अंशही त्याला लागत नाही. पोर्टेबल मशीन घेऊन हा धंदा करणारे बिगरडॉक्टर पकडले गेले आहेत. मग असे हात आणखी का तयार करायचे?

उत्तर याच आक्षेपात आहे. ज्याला गुन्हाच करायचा आहे त्याला २००० तासांचे शिक्षण नको असते. तो ते आजच, बंदी असताना, त्याशिवाय करतो. त्याच्याकडे गमावण्यासारखे काही नसते: नोंदणी नाही, क्रमांक नाही, रद्द होईल असा परवाना नाही. दोन-तीन वर्षे शिकून नोंदणी मिळवलेल्या, नोकरीवर घर चालवणाऱ्या माणसाला हे सगळे गमावण्याची भीती असते. तरी धोका शून्य होईल असे मी म्हणणार नाही. तेच मशीन आणि तेच पोट आहे. म्हणूनच गर्भवतीची तपासणी या व्यवसायाच्या कक्षेबाहेर ठेवावी, तंत्रज्ञाने नोंदणीकृत केंद्राबाहेर, पोर्टेबल मशीनवर किंवा एकट्याने काम केल्यास तो थेट गुन्हा मानावा, आणि प्रत्येक तपासणीवर मशीनमध्येच त्याचा नोंदणी क्रमांक उमटावा. आज एखाद्या चित्रावरून प्रोब कोणाच्या हातात होता हे सांगता येत नाही. तेव्हा ते सांगता येईल, आणि देखरेख सैल होण्याऐवजी घट्ट होईल.

दुसरा आक्षेप, तंत्रज्ञ रोग चुकवेल. चुकवेल; डॉक्टरही चुकवतो. प्रश्न किती शिकलेला, कोणाच्या देखरेखीखालचा आणि कुठल्या मर्यादेतला माणूस किती चुकवतो, हा आहे. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, आपल्याकडेही कार्डिॲक तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. हृदय हा काही सोपा अवयव नाही, तो हलतो. तिथे जे शिकवण्याजोगे मानले, ते मूत्रपिंडाबाबत अशक्य कसे? आणि इतिहास पाहायचा तर १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये पोटाच्या सोनोग्राफीचा जो पायाभूत लेख आला, त्यावर ग्लासगोचे इयन डोनाल्ड आणि जॉन मॅकव्हिकर या डॉक्टरांच्या बरोबरीने टॉम ब्राऊन या इंजिनिअरचे नाव होते. बिगरडॉक्टर या विद्येत पहिल्या दिवसापासून आहे.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही: रेडिओलॉजिस्टांचा धंदा बसेल. एमडीची तीन वर्षे, कर्ज, मशीनचे हप्ते यांचा विचार करता ही चिंता मी तुच्छ मानत नाही. त्यांची खरी तक्रारही दुसरीकडे आहे. जून २०१६ मध्ये पुण्यातल्या रेडिओलॉजिस्टांनी संप केला आणि सप्टेंबरमध्ये देशभर एक दिवसाचा संप झाला, ते एफ फॉर्ममधली कारकुनी चूक आणि प्रत्यक्ष लिंगनिदान यांना एकाच मापाने मोजले जाते म्हणून. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने नोंदींची सक्ती घटनाबाह्य ठरवायला नकार दिला. ती तपासणीचा कणा आहे असे न्यायालयाने धरले, आणि मला ते पटते. पण मग एवढ्या जबाबदारीची कागदपत्रे कुठल्याशा सहा महिन्यांच्या कोर्समधून आलेल्या, नोंदणी नसलेल्या मदतनीसाकडून भरून घेणे रेडिओलॉजिस्टांना तरी परवडते का? नोंदणीकृत, स्वतः जबाबदार असलेला सहकारी त्यांच्याच फायद्याचा आहे.

चौथा, नवा: आता एआय येणार, हाताचे शिक्षण कशाला? २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इकोसाठी अशा एका प्रणालीला परवानगी दिली. प्रोब कुठे सरकवायचा हे ती अननुभवी परिचारिकेलाही सांगते. उपयोगी आहे. पण ती हृदयाची ठरलेली दृश्ये मिळवून देते. दुखणे कुठे आहे याचा पत्ता नसताना पोटभर शोध घेणे हे वेगळे काम आहे.

६. सही कोणाची?

माझ्या मांडणीतली खरी अडचण या चारही आक्षेपांत नाही. प्रोब धरणाराच निदान करतो असे मी पहिल्या विभागात म्हटले. मग तंत्रज्ञाने तपासायचे आणि डॉक्टरने सही करायची ही व्यवस्था माझ्याच तर्काने लटकी ठरते. जे स्वतः पाहिले नाही त्यावर डॉक्टर कशाच्या भरवशावर सही करणार?

जगात याची दोन उत्तरे आहेत. अमेरिकेत सोनोग्राफर तपासतो, टिपण लिहितो आणि रिपोर्ट डॉक्टरचा असतो. ब्रिटनमध्ये सोनोग्राफर बऱ्याचदा स्वतःच रिपोर्ट लिहून सही करतो. ब्रिटिश पद्धत अधिक खरी आहे, कारण ज्याने पाहिले त्याचीच जबाबदारी ती मान्य करते. गमतीचा भाग म्हणजे तिथेही सोनोग्राफर या पदनामाला कायद्याचे संरक्षण नाही. रेडिओग्राफर म्हणून असलेल्या नोंदणीवर बरेचसे भागवले जाते. ती पद्धत उद्या सकाळी पुण्यात आणा असे मी म्हणत नाही, कारण तिच्यामागे जी शिकवणाऱ्यांची पिढी आहे ती आपल्याकडे नाही. आपल्याकडे सुरुवातीला रिपोर्टवर दोन नावे हवीत: कोणी तपासले आणि कोणी खातरजमा केली. खातरजमा करणारा डॉक्टर त्याच इमारतीत हवा आणि शंका आली तर त्याने स्वतः प्रोब हातात घ्यायला हवा. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून दहा केंद्रांच्या चित्रांवर सह्या मारण्याची मुभा दिली, तर पहिल्या विभागातला धोका आपणच कायद्याने पक्का केला असे होईल. वेल्ह्याचा प्रश्न त्यामुळे लगेच सुटणार नाही, हेही कबूल करायला हवे. पुण्यातल्या ससूनसारख्या रुग्णालयात मात्र एका रेडिओलॉजिस्टला दोन-तीन प्रशिक्षित हातांची जोड मिळेल आणि त्याचा वेळ कठीण पेशंटकडे वळेल.

क्रमही ठरवून घ्यावा लागेल. सुरुवात रक्तवाहिन्या, थायरॉइड आणि सांधे यांपासून व्हावी. तिथे सरळ प्रोब वापरतात, तपासणी कातडीजवळची असते. फक्त तोच प्रोब बसेल असे मशीन या कामासाठी वेगळे ठेवले तर त्यावर गर्भाची तपासणी करणे अवघड होते, आणि कायद्याची भीती तिथल्या तिथे बरीच कमी होते. पोट त्यानंतर, आणि आधी पुरुष व मुले यांच्यापासून. शिक्षणाची जागा बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससूनसारखे शिकवणारे रुग्णालयच हवे, कारण तपासणीपासून ऑपरेशनपर्यंतची परतीची वाट एका आवारात तिथेच आहे. प्रवेशाची पात्रता इमेजिंगची पदवी असावी, म्हणजे शरीररचना आणि पेशंट हाताळणे आधीच झालेले असेल. त्यावर सोनोग्राफीचे २००० तास, त्यांतले बहुतेक पेशंटसोबत, आणि प्रत्येक पेशंटची नोंदवहीत सही. यासाठी केंद्राने १९९४ च्या कायद्याखालचे नियम आणि २०२१ च्या आयोगाचा अभ्यासक्रम एकमेकांशी जुळवून घ्यायला हवेत. राज्याला एकट्याने हे करता येणार नाही. गर्भवतींची तपासणी या यादीत कधी घालायची की घालायचीच नाही, हे पहिल्या तुकड्या दहा वर्षे काम करून झाल्यावर, त्यांच्या नोंदी आणि तोवर झालेली जनगणना समोर ठेवून ठरवता येईल.